फूल नसलेल्या आयरिसची ओळख पानावरून



आपली बरीच मंडळी आता मुलांकडे परदेशात राहतात. कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी इस्राएलमध्ये, कोणी कॅनडात. घरामागे लहानशी बाग असते, हाताशी वेळ असतो आणि बागेत आधीच्या घरमालकाने लावून ठेवलेली, तलवारीच्या पात्यासारख्या पानांची झुडपं असतात. ती कसली, हे सांगणारं माणूस घर विकून केव्हाच निघून गेलेलं असतं. त्यांतली पुष्कळ झुडपं आयरिसची असतात.

आयरिस हे नाव ग्रीक लोकांच्या इंद्रधनुष्याच्या देवतेवरून आलं. डोळ्यातल्या रंगीत पडद्यालाही तेच नाव आहे. आम्ही ते नर्सिंगला डोळ्याच्या धड्यात शिकलो, फुलाचं कळलं ते फार नंतर. फूल मोठं देखणं असतं. जांभळं, पिवळं, पांढरं, तपकिरी, सगळे रंग. पण एक फूल दोन-तीन दिवस टिकतं आणि झुडपाचा बहर दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. बाकीचं वर्ष नुसती पानं. फुलाची वाट बघत बसलं तर ओळख पटायला वर्ष जातं, आणि तेवढ्यात चुकीच्या जागी लावलेला कंद कुजतो किंवा वाळतो.

केसपेपरशिवाय बेशुद्ध पेशंट वॉर्डात आला, तर आम्ही त्याच्या नावासाठी थांबत नसू. नाडी, श्वास, त्वचेचा रंग, नखं, डोळ्यांच्या बाहुल्या एवढं पाहून काम सुरू व्हायचं. पानाचंही तसंच आहे. पानावरून आयरिसचा गट कळतो, आणि गट कळला की पाणी किती, ऊन किती, कंद किती खोल हे ठरवता येतं. नाव मागाहून शोधता येतं.

गट ओळखणं का महत्त्वाचं

कालगुर्ली हे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं सोन्याच्या खाणींचं गाव, पर्थपासून सुमारे ६०० किलोमीटर आत. १८९३ साली पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना इथे सोनं सापडलं आणि गाव वसलं. सोनं होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. १९०३ साली पर्थजवळच्या मंडारिंग धरणापासून इथपर्यंत ५३० किलोमीटर लांबीची पाइपलाइन सुरू झाली. आजही आमच्या नळाला पाणी त्याच मार्गाने येतं. वर्षाचा पाऊस सरासरी २६० मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत एकट्या जुलैमध्ये त्याच्या तिप्पट पडतो. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, थंडीत कधीकधी पहाटे दंव पडतं. माती लाल आणि चुनखडीची.

अशा गावात काही आयरिस मजेत राहतात, तर काही एका उन्हाळ्यात संपतात. कोरड्या जागेतला आयरिस रोज भिजवला तर तो कुजतो आणि इतक्या लांबून आलेलं पाणीही वाया जातं. दलदलीतला आयरिस कोरड्यात ठेवला तर तो करपतो. दोघांची फुलं लांबून सारखी दिसतील, पण पानं वेगळी असतात.

आधी खात्री करा, आयरिसच आहे का?

झुडपाच्या बुडाशी बघा. आयरिसची पानं एकाच पातळीत, हातपंख्यासारखी पसरलेली असतात. प्रत्येक पान खाली मधोमध दुमडलेलं असतं आणि त्या घडीत पुढचं पान बसलेलं असतं. वर गेल्यावर ती घडी चिकटून एकजीव होते. त्यामुळे पानाला पुढची-मागची बाजू राहत नाही. आंब्याचं पान वरून गडद आणि खालून फिकं असतं, तसं इथे नाही. दोन्ही बाजू सारख्याच.

या एका तपासणीत दोन झाडं बाजूला पडतात. एक डे-लिली. तिचं पान पन्हाळीसारखं खोलगट असतं, घडी कधीच चिकटत नाही, आणि पान कमानीसारखं वाकतं. दुसरं अगापँथस. त्याची पानं पट्ट्यासारखी, जाड आणि मऊ, बुडाला कांद्याच्या पातीसारखी एकावर एक गुंडाळलेली.

पण पंखा दिसला म्हणजे आयरिसच, असंही नाही. आयरिसच्या कुळातली आणखी झाडं तशीच असतात. ग्लॅडिओलसच्या पानावर उभ्या, उठावदार शिरा अनेक असतात आणि खाली चपटा गोल कंद निघतो, त्यावर जाळीदार साल. वॉट्सोनियाच्या पानाची मधली शीर जाड असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात रस्त्याच्या दुभाजकावर आणि बँकांच्या दारात सगळीकडे दिसतो तो डायटीस, त्याला लोक आफ्रिकन आयरिस म्हणतात. त्याची पानं अरुंद, चिवट, गडद हिरवी, बाराही महिने उभी. झुडूप इतकं दाट की हात आत जात नाही. डायटीस असेल तर फुलं गेल्यावर दांडे कापू नका. त्याच दांड्यावर पुन्हा फुलं येतात.

याच प्रदेशाच्या दक्षिण-पश्चिम भागात शेताकडेला आणखी एक नातेवाईक आहे, केप ट्यूलिप. दिसायला गोड, पण गुरांना विषारी. सरकारने तिला त्रासदायक तण म्हणून जाहीर केलं आहे. एका जातीला जमिनीतून एकच लांब पान येतं आणि ते पुढे लोळतं. पंखा नाही, एकच लोळणारं पान, तर ते झाड बागेत आणू नका.

तपासायचं काय काय

शिवणकामाची टेप घ्या आणि एक मधल्या वयाचं, निरोगी पान निवडा. अगदी कोवळं नको, पिवळं पडलेलंही नको. मग या गोष्टी बघा.

रुंदी. पानाच्या मध्यावर मोजा. एक सेंटिमीटर, दोन, की चार, यावर निम्मं काम होतं.

मधली शीर. पान अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून आडवं फिरवा. मध्ये उंचवटा लागतो का? डोळ्यांना कमी दिसत असलं तरी बोटांना बरोबर कळतं.

रंग आणि पावडर. पान राखाडी-निळसर आहे की स्वच्छ हिरवं? बोटाने चोळल्यावर जांभळावरची धूळ निघते तशी पांढुरकी लव निघून खाली हिरवं दिसतं का?

बुड. पंख्याच्या अगदी तळाशी जांभळट डाग आहे का? असला तर लिहून ठेवा. पुढे दोन सारख्या झाडांतला फरक सांगायला तो उपयोगी पडतो.

जमिनीखाली. थोडी माती बाजूला करा. आल्यासारखा आडवा कंद आहे की लसणीसारखा कांदा? कंद असेल तर तो वर उघडा आहे की आत गाडलेला?

ऋतू. हे सर्वांत महत्त्वाचं आणि त्याला धीर लागतो. पानं थंडीत नाहीशी होतात, उन्हाळ्यात नाहीशी होतात, की कायम असतात? लक्षात ठेवा, ऑस्ट्रेलियात जून ते ऑगस्ट थंडी आणि डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा.

आजारपणाच्या खुणा मात्र झाडाची खूण समजू नका. पानांवरचे तपकिरी ठिपके बुरशीचे असतात. उन्हाळ्यात वाळलेली टोकं पाणी कमी पडल्याची असतात. आणि पंखा हातात सहज सुटून आला, कंद मऊ लागला, घाण वास आला, तर तो जिवाणूंनी कुजतो आहे. ज्यांनी चिघळलेल्या जखमांचं ड्रेसिंग केलं आहे त्यांना तो वास सांगावा लागत नाही. कुजका भाग स्वच्छ सुरीने कापून टाका, उरलेला कंद उन्हात वाळू द्या आणि सुरी धुऊनच दुसऱ्या झाडाला लावा.

पान पाहून गट

दाढीवाले आयरिस. फुलाच्या खालच्या पाकळ्यांवर मऊ केसांची पट्टी असते म्हणून हे नाव. पान रुंद, अडीच ते पाच सेंटिमीटर, राखाडी-हिरवं, पावडर असलेलं. मधली शीर बोटाला लागत नाही. कंद जाडजूड, मातीच्या वर पाठ काढून ऊन खात पडलेला. कालगुर्लीतल्या जुन्या खाणकामगारांच्या घरांपुढे दिसतात ते बहुतेक हेच. यांना ऊन, चुनखडीची माती आणि पाण्याचा निचरा हवा, म्हणजे आमचंच हवामान. कंद खोल गाडला तर फूल येत नाही. फार कडक उन्हाच्या गावात त्यावर बोटभर नाही, अगदी पातळ माती पसरावी, एवढंच.

यांच्यात उंचीचे प्रकार आहेत. फुलांचा दांडा ७० सेंटिमीटरच्या वर जातो ते उंच, २० च्या आत राहतात ते अगदी बुटके, मधले मधे. बुटक्यांची पानं वीतभरच असतात.

जुन्या जातींत पानांवरून आणखी थोडं पुढे जाता येतं. जांभळा जर्मॅनिका थंडीतही हिरवा राहतो. पॅलिडाची पानं फार निळसर असतात आणि थंडीत पार खाली बसतात. पानांवर पांढरे किंवा पिवळे उभे पट्टे असतील तर ती बहुधा पॅलिडाचीच पट्टेदार जात. पांढऱ्या फुलांच्या अल्बिकान्सचं पान रुंद, राखाडी आणि किंचित पिळलेलं. हा मूळचा अरबस्तान आणि येमेनकडचा. मुसलमान लोक तो कबरींवर लावत आले आणि तसाच तो स्पेनपर्यंत गेला. त्याला बी धरत नाही. म्हणजे जगात जिथे कुठे तो दिसेल, तिथे कोणीतरी हाताने कंद नेऊन लावलेला असतो. काश्मीरमध्येही कबरींवर आयरिस लावायची जुनी पद्धत आहे.

स्पुरिया. पान अरुंद, ताठ, कमरेएवढं किंवा त्याहून उंच. ओळखायची खरी खूण म्हणजे फुलं संपल्यावर भर उन्हाळ्यात ते वाळून जातं आणि शरद ऋतूत, मार्च-एप्रिलच्या सुमारास, नवे कोंब येतात. झाड मेलं समजून लोक ते उपटून टाकतात. थांबा, ते झोपलेलं असतं. कोरड्या उन्हाळ्याला त्याने काढलेली ती तोड आहे, आणि आमच्यासारख्या गावाला ते चांगलं.

अल्जेरियन आयरिस. पान एक सेंटिमीटरहूनही अरुंद, गवतासारखं, विस्कटलेलं, कायम हिरवं. लांबून गवती चहाचा ठोंब वाटेल. थंडीत पानांच्या आत दडून फिकी जांभळी फुलं येतात. कोरड्या, चुन्याच्या, निकृष्ट मातीत उत्तम.

लुईझियाना. पान पोपटी-हिरवं, मऊ, दोन-तीन सेंटिमीटर रुंद, पावडर नाही. कंद लांब पळत जातो. हा पाणथळ जागेतला, टबात किंवा डबक्यात ठेवायचा.

जपानी. पान अरुंद आणि मधली शीर चांगली उठून आलेली. याला आम्लधर्मी माती आणि भरपूर पाणी लागतं. आमच्या चुनखडीत तो पिवळा पडतो.

सायबेरियन. पान एक-दोन सेंटिमीटर, गवताळ, उभं, दाट झुपक्यात. थंडीत पूर्ण वाळतं. थंड आणि ओल्या प्रदेशात सुरेख, इथे हट्ट करू नये.

डच. फुलवाल्याकडे मिळतो तो. खाली कांदा, वर अरुंद खोलगट पान, लसणीच्या पातीसारखं. इथे पंख्याची खूण चालत नाही. उन्हाळ्यात पान वाळतं आणि कांदा जमिनीत राहतो.

फोएटिडिसिमा. पान गडद, चकचकीत, बाराही महिने हिरवं. चुरगळलं की भाजलेल्या मांसासारखा वास येतो. फूल साधंच, पण फळ उकललं की आत शेंदरी बिया.

वेखंड समजून कंद उगाळू नका

हा भाग कृपा करून घरच्या सुनांना आणि मुलींनाही वाचून दाखवा.

आपल्याकडे वेखंड माहीत नाही असं घर नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वेखंडाची धुरी, न्हाऊ घातल्यावर बाळाला वेखंडाची पूड, सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीत वेखंडाचा वळसा. कोकणात ओल्या जागी वेखंड उगवतं, आणि त्याची पानं हुबेहूब आयरिससारखी असतात. ही गफलत नवी नाही. युरोपातल्या तळ्याकाठच्या पिवळ्या आयरिसला लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली स्यूडअकोरस असं नाव दिलं. अकोरस म्हणजे वेखंड, आणि स्यूडअकोरस म्हणजे खोटं वेखंड. पूर्वीच्या युरोपात दात येणाऱ्या बाळांना वाळवलेल्या आयरिसचा कंद चघळायलाही देत असत. आज तसं कोणी करू नये.

फरक असा ओळखा. वेखंडाचं पान चुरगळलं की लिंबाच्या सालीसारखा, मसालेदार वास लगेच नाकात भरतो. मधली शीर अगदी मधोमध नसते, एका कडेकडे सरकलेली असते. आणि पानाची एक कड बारीक आडव्या चुण्यांची असते, इस्त्री न केलेल्या पदराच्या काठासारखी. खोट्या वेखंडाला म्हणजे पिवळ्या आयरिसला मधली शीर ठळक असते पण मधोमध, कड सरळ, आणि तो सुगंध नाही.

आयरिसच्या कंदातला रस तोंडाची आग करतो, पोटात गेला तर उलट्या आणि जुलाब होतात. म्हाताऱ्या माणसाला किंवा तान्ह्या बाळाला त्यातून शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका मोठा. काहींच्या हातालाही त्याने पुरळ येतं, म्हणून कंद वेगळे करताना हातमोजे घाला.

आणि खरं वेखंड मिळालं तरी बाळाच्या पोटात देऊ नका. मला माहीत आहे, आपल्या आई-आज्यांनी दिलं. पण वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ सालीच ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. ऑस्ट्रेलियातही औषध म्हणून ते माणसांना द्यायला मनाई आहे. धुरी आणि पूडही बाळाच्या नाजूक छातीला बरी नाही.

कोणाच्या पोटात असला कंद गेलाच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. तोंड धुवा, उरलेला तुकडा आणि एक पान जपून ठेवा, आणि ऑस्ट्रेलियात असाल तर विषबाधा माहिती केंद्राला १३ ११ २६ या नंबरवर फोन करा. दिवस-रात्र तिथे माणूस असतं. झाडाचं नाव सांगता आलं नाही तरी पान कसं आहे ते सांगता यावं, त्यासाठीही वरच्या खुणा लक्षात ठेवा. पेशंटला श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा तो शुद्धीवर नसेल, तर आधी ॲम्ब्युलन्स.

इस्राएलमधल्या वाचकांसाठी

दिमोना आणि येरुहामकडे आपले पुष्कळ लोक आहेत. येरुहामजवळ वाळूच्या माळावर काळपट जांभळ्या आयरिसचं राखीव क्षेत्र आहे, तिथे वसंतात लोक मुद्दाम फुलं बघायला जातात. नेतान्याला समुद्राकाठी असंच एक क्षेत्र आहे, आणि गिल्बोआच्या डोंगरावरचा आयरिस तर प्रसिद्धच. येरुहामच्या आयरिसची पानं आखूड, अरुंद आणि विळ्यासारखी वाकडी असतात. उन्हाळ्यात ती पार नाहीशी होतात. म्हणजे मे महिन्यानंतर तुम्ही त्यांच्यावरून चालत गेलात तरी पत्ता लागणार नाही. ही फुलं तोडायला आणि कंद उपटायला तिथे कायद्याने बंदी आहे. बघावं, फोटो काढावा आणि परत यावं.

पान कुठे थांबतं

पानावरून गट कळतो, कधी जात कळते. पण बागेत लावल्या जाणाऱ्या दाढीवाल्या आयरिसची हजारो नावं आहेत. १९२० साली स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीकडे त्या नावांची नोंद होते, आणि यादी दर वर्षी वाढते. त्यांतल्या दोन जांभळ्या उंच जातींची पानं शेजारी ठेवली तर फरक सांगणं कोणालाही जमणार नाही. कोणी पान पाहून छातीठोकपणे नाव सांगू लागला तर मान डोलवा, पण लेबलवर ते नाव लिहू नका. चुकीचं नाव असण्यापेक्षा नाव नसलेलं बरं. वॉर्डातही आम्ही अनोळखी पेशंटला ‘अनोळखी’ असंच लिहीत असू.

त्याऐवजी झाडाचा केसपेपर तयार करा. एका वहीत प्रत्येक झुडपाला एक पान द्या. जागा, पानाची रुंदी आणि लांबी, मधली शीर, रंग, बुडाचा डाग, कंद, थंडीतली अवस्था, उन्हाळ्यातली अवस्था. फूल आलं की तारीख, दांड्याची उंची, एका दांड्यावर फुलं किती, वास कसा, आणि फुलाचा व पानाचा एकत्र फोटो. कालगुर्लीत दाढीवाल्यांचा बहर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. नुसत्या फुलाच्या फोटोवरून जाणकारालाही नाव सांगता येत नाही. पानांची आणि ऋतूंची नोंद सोबत असली तर यादी बरीच आखडते.

कंद वेगळे करून वाटायचे तर कडक उन्हाळा उतरल्यावर, इथे मार्च-एप्रिलमध्ये. प्रत्येक तुकड्यावर एक पंखा आणि थोडी मुळं ठेवा, पानं अर्ध्यावर कापा. दुसऱ्या राज्यातून पश्चिम ऑस्ट्रेलियात रोपं आणायची असतील तर आधी नियम विचारा, इथली तपासणी कडक आहे. भारतातून तर कंदाचा तुकडासुद्धा बॅगेत घालू नका.

लेबलवर पेनाने लिहू नका, इथल्या उन्हात शाई एका उन्हाळ्यात उडते. साध्या पेन्सिलीने लिहिलेलं टिकतं. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर बोथट खिळ्याने कोरलंत तर त्याहून टिकतं.

आणि ज्यांना आपल्या बागेतल्या झाडांची नावं आज माहीत आहेत, त्यांनी ती आजच लिहून ठेवावीत. कोणी दिलं, कोणत्या साली लावलं, पाणी किती लागतं, तेही. आयरिसचा कंद दर तीन-चार वर्षांनी वेगळा करत राहिलं तर आपल्यापेक्षा जास्त जगतो. आपल्यानंतर त्या घरात जो येईल, त्याला पानांवरून गट सापडेल, पण नाव तुमच्या वहीतच सापडेल.